मुकादमी

आखाडा बाळापूरच्या डाळमिलमध्ये नरसिंग मुकादम झाला, तेव्हा करुणाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नरसिंगला काम शिकवलं होतं तिच्या नवऱ्यानं, प्रेमानंदनं. मग मालकानं त्यालाच काहून डावललं? दारू, का चोरी? ती तडक मालकाकडं गेली.

"बाई, मी आधी त्यालाच विचारलं होतं," मालक म्हणाला. "त्यानंच नको म्हटलं. कारण काही सांगेना."

आता तर तिचा संशय बळावलाच. प्रेमानंद घरी येताच तिनं त्याला चुलीपाशी गाठलं.

"खरं सांगा, काय लपवून राहिले तुमी?"

प्रेमानंदनं आधी बाहेर डोकावून पाहिलं. त्यांची सपना अंगणात मैत्रिणींचा खेळ बघत बसली होती. तिला डॉक्टरनं पळायची मनाई केली होती.

"मुकादमाच्या पगारावर पिवळं रेशनकार्ड राहत न्हाई," तो हळूच म्हणाला. "अन् कार्ड गेलं, तर पोरीच्या काळजाचं ऑपरेशन फुकट व्हत न्हाई."

"मग मला काहून न्हाई सांगितलं?"

"तुझ्या तोंडून तिच्या कानावर गेलं असतं. मग तीच म्हणली असती, बाबा, मला ऑपरेशन नको."