अर्धा आटा

सकाळी तिला जाग आली तेव्हा कुठेच काही दुखत नव्हतं. ती तशीच पडून राहिली. मान हलवून पाहिली, बोटं मिटून पाहिली, खांदा उशीवर दाबून पाहिला. काही नाही. रोजचा भांडकुदळ शेजारी अचानक परगावी जावा आणि घर ओळखीचं वाटू नये, तसं तिला झालं.

नवरा केव्हाच गॅरेजवर गेला होता. निघण्याआधी तो रोज स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं सैल करून अर्ध्या आट्यावर ठेवायचा. मेकॅनिकचा हात तो, अर्धा आटा म्हणजे अर्धाच. झाकण सुटून पडणार नाही आणि तिच्या मनगटाला पीळही बसणार नाही. याबद्दल दोघांत कधी बोलणं झालं नव्हतं.

रिपोर्टांबद्दल मात्र पुष्कळ झालं होतं. रक्त चांगलं, हाडं चांगली, फोटो चांगले, आणि बाईला कपडे वाळत घालता येत नाहीत. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. दुखणं खरंच आहे म्हणाल्या, मेंदूनं त्याचा आवाज वाढवून ठेवलाय. गोळ्यांनी थोडाफार फरक पडेल. बाकी गरम पाण्याचा शेक, रोज जरा चालणं, वेळेवर झोप. "आणि बरं वाटेल त्या दिवशी जास्त जपा," असंही म्हणाल्या. नवरा शेजारच्या खुर्चीत गाडीची किल्ली नुसती फिरवत बसला होता. त्याला ते पटलं की नाही, हे तिला आजतागायत कळलं नव्हतं.

तिने शिलाई मशीनवरचं कापड काढलं. गिऱ्हाइकाचा एक पडदा कधीचा पडून होता. एक कड शिवून झाली. हात म्हणत होता, दुसरीही उरकून टाक. ती मुकाट्याने उठली. मागे अशाच एका दिवशी तिने सगळी कपाटं घासूनपुसून काढली होती आणि मग आठवडाभर अंथरूण धरलं होतं.

पण हा आनंद ठेवायचा कुठे? तिने थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, आज काहीच दुखत नाहीये गं."

"बघ," ताई म्हणाली, "कधीची सांगतेय तुला, सगळं मनाचं असतं. आता रविवारी ये, माळा आवरायचाय."

फोन ठेवून ती बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. दुखतंय म्हटलं की कुणाचा विश्वास बसत नव्हता. दुखत नाही म्हटल्यावर मात्र लगेच बसला. नवऱ्याला सांगितलं तर तोही हेच म्हणेल, आणि उद्यापासून झाकणं घट्ट राहतील. तिच्या दुखण्यावर विश्वास असल्याची एवढीच तर खूण होती घरात. तिने ठरवलं, सांगायचं नाही.

मग ती उगाचच बरण्यांपाशी गेली. साखरेचं झाकण पिळून बसवलं. मनगटातून कळ आली नाही. चहाचं बसवलं, डाळीचं, मधाचं, मिठाचं. सगळी फळी करकचून बंद केली आणि एकटीच हसली.

संध्याकाळी नवरा आला. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले.

"आज कसं आहे?"

"तसंच," ती म्हणाली आणि टेबलाचा आधार घेऊन उठली. रोज तो आधार लागायचा, आज ते सोंग होतं. आपल्याच घरात बरं वाटायचीही चोरी झाली, याचं तिला फार वाईट वाटलं.

नवऱ्याने चहाचं पाणी ठेवलं आणि साखरेची बरणी घेतली. झाकण सहज फिरलं नाही. त्याने चहाची बरणी घेतली. मग सगळ्या फळीकडे पाहिलं.

"कुणी आलं होतं का?"

"नाही."

"मग ही कुणी लावली?"

झाकणं परत सैल करायचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"मीच. सकाळपासून दुखत नाहीये मला. काहीच." एवढं बोलून ती ताईच्या वाक्याची वाट बघत उभी राहिली.

त्याने गॅस बारीक केला आणि तो एकेक बरणी पुढे ओढून झाकणं सैल करायला लागला. साखर. चहा. डाळ. मध.

"अहो, आज उघडतात मला."

"आजचं कुठे करतोय," तो म्हणाला. "उद्याचं करून ठेवतोय."

मिठाची बरणी राहिली. ती त्याने तिच्यापुढे धरली.

"ही तू उघड. मला बघायचंय."

तिने उघडली. चहाचं पाणी उकळत होतं आणि दोघं तिच्या हातातल्या झाकणाकडे बघत उभे होते. मग तिने ते परत लावलं, अर्ध्या आट्यावर.