आक्कांचं गोड बोलणं

"छान झालंय हो. तुझ्यासारखी तूच," आक्का म्हणाल्या आणि काजवाली धसकली.

शिवणकारखान्याच्या मालकीण आक्का. त्यांच्या तोंडून अशी पोकळ स्तुती कधी निघायची नाही. कौतुक करायचं तर नेमकं बोट ठेवून: "ही कॉलर बघा, दोन्ही टोकं जुळ्या बहिणी!" अशा शब्दावर बाया दुप्पट जोमाने राबायच्या. गोड गोड बोलल्या त्या एकदाच, इस्त्रीवाल्याशी. "फार गुणाचा रे बाबा तू." संध्याकाळी त्याला घरी पाठवला, तो कायमचा.

आणि इथे चूक तर ढळढळीत होती. नवरा शिडीवरून पडून अंथरुणाला खिळलेला, घर हिच्या कामावर चाललेलं. त्याचं सगळं उरकून धावतपळत आली आणि पांढऱ्या सदऱ्यांना तपकिरी दोऱ्याची काजं करून बसली. एक नाही, अख्खा गठ्ठा. ध्यानात येईतो आक्का समोर उभ्या. त्यांनी सदरा उचलला, काजांवरून अंगठा फिरवला, आणि म्हणे छान!

"गेलीस तू," शेजारची कॉलरवाली कुजबुजली. "बकऱ्याला कापायच्या आधीच गोंजारतात."

"तुझ्या जिभेला काही हाड?"

"मला काय बोलतेस? हल्ली बघ, येता-जाता एकेका मशिनला हात लावत जातात. मोजदाद चाललीय. कारखाना विकणार, आधी माणसं काढणार."

सुटीच्या वेळी आक्कांनी आत बोलावलं. काजवाली दारातून आत जाऊन टेबलापुढे उभी राहिली.

"कोण? काजवाली का?"

समोर उभी असून विचारतात! आता ओळखही पुसली म्हणायची. तिचा बांध फुटला.

"आक्का, काढू नका हो मला. पांढऱ्या सदऱ्यांना तपकिरी काजं केली मी. सगळी उसवते, पण काढू नका."

आक्कांनी विचारलं, "आणखी कोणी बघितलं हे?"

"सगळ्यांनी."

"आणि एकीनेही तोंड उघडलं नाही. तूच कबूल केलंस." आक्कांनी चाचपडत पाण्याचा पेला धरला. "रडू नकोस, तुला काढतंय कोण? मी तर नवऱ्याची तब्येत विचारायला बोलावलं होतं. उद्यापासून माझ्या शेजारी बसायचं. माल तू तपासायचा आणि कुणाचं काय चांगलं झालं, काय बिघडलं, ते माझ्या कानात सांगायचं. नुसत्या छान-छानवर माणूस राबत नाही गं."

काजवालीने पदराने तोंड पुसलं. छातीवरचा धोंडा उतरला. मग मात्र तिला राहवेना.

"पण आक्का, सकाळीच का नाही झापलंत मला?"

"कशी झापू? सदरे पांढरे आहेत, हेच मला तू आत्ता सांगितलंस."