‘नाही’चा सांधा

दोन वर्षं मी सीटी स्कॅनवर लोकांच्या मानेतले सगळ्यात वरचे दोन मणके मोजतेय. याच दोहोंमधल्या सांध्यावर आपली मान ‘नाही’ म्हणायला फिरते. दोनशे माना मोजून झाल्या, माझे गाईड असलेले सर म्हणाले, "परत मोज," म्हणून त्या परतही मोजल्या. त्या नादात माझी मान धरली ती धरलीच.

आज या मोजणीवरचा शोधनिबंध छापायला पाठवायचा होता. सकाळी डबा हातात देताना आई म्हणाली, "सर काहीही म्हणाले तरी तू हो म्हणून येतेस. आज तोंड उघडवत नसेल, तर निदान नुसती मान हलव."

सरांनी पहिलं पान माझ्यापुढे सरकवलं. त्यावर पहिलं नाव त्यांच्या सुनेचं होतं. तिने यातला एक स्कॅनसुद्धा उघडून पाहिलेला नाही.

"तिची बढती अडलीय गं. तुझं नाव शेवटी आभारात घेतलंय. चालेल ना?"



मी मान हलवली. पण ‘नाही’च्या सांध्यातून नव्हे, त्याच्या वरच्या सांध्यातून, जिथून ती ‘हो’ म्हणते.