संपादकबाईंची मंजुरी

“‘आपला मित्र दुसऱ्या शाळेत गेला.’ छापायचं?” बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

चाकांच्या खुर्चीतल्या मुलीनं तिसऱ्यांदा खाली बघितलं.

वर बघितलं की हो, खाली बघितलं की नाही. तिला बोलता येत नव्हतं, हात हलवता येत नव्हते, पण डोळ्यांची ती पक्की होती. वर्गाच्या साप्ताहिकाची ती संपादक, म्हणून सगळे तिला संपादकबाईच म्हणत. दर शुक्रवारी दोन पानांचा अंक निघायचा. त्याला नियम एकच होता, आणि तोही बाईंनीच मोठ्या हौसेनं घातलेला: मुलांनी हो म्हटल्याशिवाय एक ओळही छापायची नाही. गेल्या वर्षी मोठ्या बाईंच्या वाढदिवसाची बातमी संपादकबाईंनी सरळ नापास केली, तेव्हा वर्गात नुसता हशा उसळला होता. मोठ्या बाईही हसल्या, पण जरा वेळानं.

आज त्याच मोठ्या बाईंचा निरोप आला होता. हवामानवाला वारला ही बातमी अंकात नको. अंक पाहुण्यांच्या हाती जातो, नवीन पालकांच्या हाती जातो, लोक धसका घेतात. काहीतरी गोड लिहा.

हवामानवाला म्हणजे संपादकबाईंच्या शेजारी बसणारा मुलगा. रोज सकाळी त्याची खुर्ची खिडकीपाशी न्यायची, ऊन आहे की ढग ते विचारायचं, आणि तो मूठ मिटून हो म्हणायचा. लख्ख ऊन असलं तरी बाईंना चिडवायला ढगालाच मूठ मिटायचा, इतका लबाड. त्याला जाऊन पंधरा दिवस झाले होते. त्याच्या जागेवर आता रंगांचे डबे ठेवले होते.

संपादकबाईंना सगळं ठाऊक होतं. “तो देवाघरी गेला, असं छापायचं?” असं बाईंनी सकाळी विचारलं, तेव्हा तिनं इतकं वर बघितलं होतं की मान अवघडली. ती बातमी खोडावी लागली, तेव्हा बाईंना तिच्या तोंडाकडे बघवलं नव्हतं.

पावणेचार वाजले होते. चारला मुलांची बस सुटायची. बाईंना नोकरीत कायम करण्याचं पत्र मोठ्या बाईंच्या टेबलावर सहीवाचून पडलं होतं. बाई वाईट नव्हत्या. घाबरट होत्या. घाबरट माणसाच्या हाती दुसऱ्याचा होकार-नकार देऊ नये, पण या मुलांना निवड कुठे असते?

“बघ हं, शेवटचं विचारते. छापायचं?”

मुलगी दमली होती. तिच्या पापण्या जड झाल्या. डोळे मिटले, उघडले आणि क्षणभर छताकडे गेले.

“शाब्बास!” बाई म्हणाल्या, आणि कागद घेऊन धावतच ऑफिसात गेल्या. अंक वेळेवर निघाला. तळाशी नेहमीची ओळ होती: संपादकांच्या मंजुरीने प्रसिद्ध.

सोमवारी हवामानवाल्या मुलाची आई वर्गात आली. तिच्या हातात जाडजूड फाईल होती. चार वर्षांचे सगळे अंक तिनं जपून लावले होते. प्रत्येक अंकात मुलाच्या फोटोखाली, त्याला विचारून छापलेली, त्याची एक ओळ असायची. पोटचा पोरगा कधी ‘आई’ म्हणाला नाही, त्यामुळे त्याचे शब्द म्हणून तिच्यापाशी एवढंच होतं. त्याच्या जाण्याची बातमी लावून फाईल पुरी करावी, म्हणून ती आली होती.

बाईंनी अंक दिला. तिनं उभ्याउभ्याच वाचला. मग ती संपादकबाईंच्या खुर्चीपुढे खाली बसली.

“हे तू छापायला सांगितलंस, सोन्या?”

मुलीनं खाली बघितलं. हनुवटी छातीला टेकली तरी तिची नजर खालीच होती.

“काय म्हणतेय ती, बाई?”

मोठ्या बाईंच्या टेबलावरच्या पत्रावर अजून सही झाली नव्हती.

“हो म्हणतेय,” त्या म्हणाल्या.

आई सावकाश उठली. “मी आणि हिची आई चार वर्षं रोज मुलांना घ्यायला बसथांब्यावर बरोबर थांबायचो. खाली म्हणजे काय, ते मला कळतं.”

“नाही हो, शुक्रवारी ती हो म्हणाली होती! अगदी खरं सांगते. चौथ्यांदा विचारलं, तेव्हा म्हणाली.”

आता ही बाई आरडाओरडा करणार, असं बाईंना वाटलं. तिनं केला असता तर फार बरं झालं असतं. “चौथ्यांदा,” आई स्वतःशीच म्हणाली. मग तिनं फाईल उघडली आणि सगळ्यात वरचा अंक काढला. मुलगा शाळेत आला होता त्या शेवटच्या शुक्रवारचा. फोटोत तो हसत होता आणि खाली छापलं होतं: ‘मी अगदी ठणठणीत आहे. मला कुठे काही दुखत नाही.’

“त्या संध्याकाळी तो कण्हत होता. डॉक्टरकडे न्यायचं म्हणून मी पायात चपला घातल्या होत्या. तेवढ्यात हे वाचलं. म्हटलं, दुखत असतं तर त्यानं आजच सांगितलं असतं. दोन दिवस थांबले मी.”

तिनं ते पान बाईंच्या डोळ्यांसमोर धरलं.

“हे त्याला कितीदा विचारलं होतंत, बाई?”