आप्पांच्या कॅमेऱ्यातली चकती

"हा आप्पांचा नव्हे, आई." नंदितानं कॅमेरा डोळ्यावरून काढला आणि चष्मा परत नाकावर चढवला.

कुंभकोणमच्या मोठ्या रस्त्यावरच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात मायलेकी तासभर बसल्या होत्या. आप्पांना जाऊन तीन वर्षं झाली. तेराव्याला तुळसीबाईंनी छत्री, पंचा, चपलांबरोबर त्यांचा कॅमेराही दान देऊन टाकला. रागच होता तो. बारा वर्षं नवरा त्या डबड्याला डोळा लावून गावची लग्नं आणि महामहमच्या मेळ्यातली गर्दी टिपत हिंडला. घरच्या माणसाकडे बघायला सवड कुठली! आता लेकीनं मात्र त्याच कॅमेऱ्याचा ध्यास घेतला होता.

दान घेणाऱ्या पट्टीश्वरमच्या भटजींनी तो न वापरताच इथं विकला, एवढं कळलं होतं. पण नवशिके घेतात तसला स्वस्तातला कॅमेरा. दुकानात असे ढीगभर येत.

"डोळा लावायच्या या खिडकीशेजारी ही बारकी चकती आहे ना," दुकानदार कृष्णमूर्ति तमिळमध्ये म्हणाले होते, "मालक ती आपल्या चष्म्याच्या नंबरावर फिरवून ठेवतो. मग बघताना चष्मा लागत नाही. आम्ही तिला हात लावत नाही."

खूण पक्की होती. बापलेकीचा नंबर एकच. एकमेकांचे चष्मे घालून दोघं खुशाल वावरत. आणि नंदिताला तर खिडकीतून नुसतं धुकं दिसलं. ती रडवेली झाली.

"मज दे, पाहूं," तुळसीबाई म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी खिडकीला डोळा लावला. समोरच्या पितळेच्या दुकानात टांगलेल्या दिव्यांच्या साखळ्यांची कडी न् कडी लख्ख दिसत होती.

त्यांनी कॅमेरा डोळ्यावरून काढला, पुन्हा लावला.

"त्यांचाच हा," शेवटी त्या म्हणाल्या. "नंबर माझा आहे."

"तुझा? तो कसा?"

"जायच्या आधीं दोन महिने मज बसवून चकती फिरवत होते. 'आतां दिसतें? आतां?' म्हणाले, माझा एक फोटो तूं काढ. मी म्हटलें, दिसतें, सोडा मज, चुलीवर रसम आहे." तुळसीबाईंनी चकतीवर बोट ठेवलं. "मग एकही फोटो काढला नाहीं त्यांनी. मज वाटलें, हौस फिटली. चकती परत फिरवलीच नाहीं गे त्यांनी. माझी वाट पाहत राहिले."