कोऱ्या पानावरची ओळ

भिवंडीत कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यावर माझी खोली, खाली मागच्या बाजूला आमचं घर. खाली लूम धडधडले की टेबल थरथरतं, म्हणून कॉम्प्युटरखाली टायरचे तुकडे लावलेत. इथेच मी माझा ब्राउझर लिहितोय. फुकट, कोड सगळ्यांना खुला. सोबतचे एकेक करून गळाले. मी सोडणार नाही.

पण ही कटकट! कोरं पान उघडलं की तळाशी एक ओळ उमटते. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान कोरंच दिसतं.

काल ओळ होती, ‘दीपेश, भात निवतोय, खाली ये.’ चूक शोधत होतो, तेवढ्यात जिन्यातून आयची हाक आली. शब्दाला शब्द तोच.

रागाच्या भरात मी अक्षरं उमटवणारा सगळा कोडच पुसून टाकला. इतक्या वर्षांची मेहनत गेली. जाऊ दे. आता एक अक्षरही दिसायला नको.

आज शुक्रवार, लूम बंद. सगळं चिडीचूप. मी कोरं पान उघडलं.

‘दीपेश, डोळं उघड रं! अरं, कोणीतरी वर या!’

माझे डोळे उघडेच होते. मी जीव खाऊन ओरडलो, “आय, वर नको येऊस!”

जिन्यात ताटवाटी किणकिणली. “झोपला का रं?” म्हणत, माझी हाक ऐकूच न आल्यासारखी आय वर येत होती.