ब्लँकेटचं तरस

"सतीश, खलास! आता तरी माणसात ये!" भावना ओट्यापासूनच ओरडली.

जेवणाच्या टेबलाखालून नुसतं "हूऽऽ" आलं. इथे आखातात, अल् खुवैरच्या कंपनीतला सेफ्टी इंजिनियर, एरवी शर्टाला सुरकुती चालत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी घरभर रांगतोय! इथल्या मराठी मंडळाच्या भयनाटिकेत म्हणे माणसाचं हळूहळू तरस होतं. तो माणूस सतीश, आणि तरसाचं कातडं म्हणजे भावनानं चिपळूणला आईला न्यायला घेतलेलं जाडजूड ब्लँकेट. न विचारता कात्री लावली होती मेल्यानं! वर बूटपॉलिशचे पट्टे, आणि तोंडावर कानवाला मुखवटा.

तेवढ्यात दिग्दर्शक आशुतोषचा फोन आला. स्पीकरवरच बोलला, "सतीश, तुझं तरस फार गोड दिसतंय रे. तालमीला आलेली पोरं भ्यायची सोडून पाठीवर बसतात. माणसाचं जनावर होताना बघून अंगावर काटा आला पाहिजे!"

भावनाच्या डोक्यात तिडीक गेली. इथे पोरीचं काय चाललंय, ते कोणी बघायचं? वल्लरी तिसरीत. रोज डबा न उघडता परत आणायची. टीचरचा फोनसुद्धा येऊन गेला होता. भावनानं गोंजारून पाहिलं, रागावून पाहिलं. सतीश तर तिला समोर बसवून साइटवरच्या अपघाताची चौकशी करावी तसा विचारायचा, काय झालं, कधी झालं, तेव्हा कोण होतं? पोर पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणायची, "नथिंग."

वैतागून भावना मशीनमधले कपडे काढायला गेली. ओल्या कपड्यांची बादली घेऊन आली, तर टेबलाखालून वल्लरीचा आवाज. तरसाच्या पोटावर डोकं टेकून ती त्याला बिस्किट भरवत होती.

"ती नयना आहे ना, ती बोलते माझा डबा स्टिंकी आहे. चटणीला लसणाचा स्मेल येतो ना. मग सगळे असं नाक धरतात. म्हणून मी ओपनच नाही करत. तू कोणाला नको सांगू हां."

तरसानं घशातल्या घशात गुरगुर केली आणि डोकं तिच्या मांडीवर ठेवलं. वल्लरी त्याचा कान कुरवाळत राहिली. भावना बादली हातात धरून तशीच उभी. इतके दिवस जीव टांगणीला लावणारी गोष्ट ती एका ब्लँकेटला सांगत होती!

तोच तरस ताडकन उठलं. टेबलाला डोकं आपटलं. मुखवटा ओढून काढत सतीश दोन पायांवर उभा राहिला.

"कोण ही नयना? आडनाव काय तिचं? अजून कोण कोण होतं? थांब, टीचरला आत्ताच फोन लावतो!"

वल्लरीच्या हातातलं बिस्किट पडलं. त्याच्याकडे बघत ती मागे मागे सरकत भिंतीला टेकली, मग धावत खोलीत गेली. आतून कडी लागली.

"वल्लरी! बाबा विचारतोय ना!" सतीश ओरडला.

"नथिंग!"

आशुतोषला हवा होता तो काटा भावनाच्या अंगावर आत्ता आला.

"मी काय केलं आता?" सतीश म्हणाला. "तूच म्हणत होतीस ना, माणसात ये म्हणून?"

भावनानं जमिनीवरचा मुखवटा उचलला आणि त्याच्या डोक्यात घट्ट बसवला.

"नको येऊस. चार पायांवर जा आणि तिचं दार खरवड."